मूळ किती आणि अस्सल किती

१९३० सालच्या मार्च महिन्यात बेंटली कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांनी पैजेखातर एक शर्यत केली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान शहरातून ब्लू ट्रेन ही नामांकित आगगाडी निघाली त्याच सुमारास त्यांची स्पीड सिक्स मोटारही निघाली, आणि आगगाडी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॅले स्थानकात शिरण्याच्या चार मिनिटे आधी बार्नाटो लंडनमधल्या आपल्या क्लबच्या दारात उतरले. पुढची कित्येक दशके या पराक्रमाचा मान गर्नी नटिंग या कोचबिल्डरने, म्हणजे मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्याने, घडवलेल्या एका देखण्या, दोन दारांच्या कूपे मोटारीला मिळत राहिला. उतरत्या छपराची आणि अरुंद खिडक्यांची ती मोटार चित्रांतून आगगाडीशी झुंजताना दाखवली गेली, आणि ‘ब्लू ट्रेन बेंटली’ हे नाव तिलाच चिकटले. अडचण एवढीच होती, की शर्यत झाली तेव्हा ती कूपे तयारच झालेली नव्हती. ती बार्नाटोंच्या हाती आली मे महिन्यात. प्रत्यक्ष धावली होती ती एच. जे. मुलिनरची बॉडी असलेली, चारचौघींसारखी दिसणारी एक सलून, म्हणजे बंद बॉडीची मोटार.

यात कोणी ठरवून खोटे बोलले असे मला वाटत नाही. गोष्ट रंगतदार होती, तिला शोभेल अशी मोटार समोर होती, दोन्ही मोटारींचा मालक एकच होता. सांधा आपोआप जुळला. तारखा मात्र पहिल्यापासून कागदावर होत्या. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. हाताने बॉडी बांधलेल्या जुन्या मोटारींचे जग अजूनही बऱ्याच अंशी बखरींवर चालते, आणि त्या बखरी आता लिलावाच्या गुळगुळीत पुस्तिकांत छापल्या जातात. त्यांची जागा कागदाने आणि पत्र्याच्या, लाकडाच्या साक्षीने कशी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

हा घोळ याच मोटारींच्या वाट्याला इतका का येतो, हे कळण्यासाठी त्या कशा बनत ते पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखी कंपनी पूर्ण मोटार विकतच नसे. ती विके चासी, म्हणजे पोलादी सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग आणि रेडिएटर. गिऱ्हाईक ती चासी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा एखाद्या कारखान्याकडे पाठवी, आणि तिथले सुतार, पत्रा ठोकणारे, रंगारी आणि गाद्या शिवणारे कारागीर तिच्यावर मालकाच्या पसंतीची बॉडी चढवीत. कारखान्यातच बसवलेल्या ठरावीक पोलादी बॉडीसह मोटार विकण्याची प्रथा बेंटलीने सुरू केली ती १९४६ मध्ये, मार्क सिक्स या मॉडेलपासून. म्हणजे त्यापूर्वीच्या या मोटारींना जन्मतःच दोन घरे, दोन नोंदवह्या आणि दोन क्रमांक. त्यातही दोघांचे आयुष्य सारखे नसे. चासी अनेक दशके टिके. बॉडीची फॅशन मात्र पाच-सात वर्षांत शिळी होई आणि तिच्या आतला अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा पाणी मुरून कुजू लागे. तेव्हा जुनी बॉडी उतरवून नवी चढवणे हा रोजचा व्यवहार होता, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. युद्धकाळात कित्येक आलिशान लिमुझिनांच्या रुग्णवाहिका झाल्या, काहींच्या शववाहिका झाल्या. पुढे संग्राहकांना उघड्या टूरर मोटारींचे वेड लागले, तेव्हा असंख्य बंद सलूनच्या बॉड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या चासींवर फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीतल्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या नव्या बॉड्या आल्या. आज एखाद्या मेळाव्यात रांगेने उभ्या असलेल्या हिरव्या बेंटली पाहिल्या, तर त्या काळी सगळे ब्रिटिश उघड्यावरच मोटारी चालवत होते की काय अशी शंका यावी.

माझे म्हणणे साधे आहे. अशा मोटारीला उद्देशून ‘अस्सल’ हा एकच शेरा देणे बंद व्हावे. चासी कोणत्या सालची, इंजिन केव्हा बसले, बॉडी कोणी आणि कधी बांधली, तिच्यातले लाकूड किती जुने, पत्रा किती नवा, हे भागागणिक आणि सालासह लिहिले जावे. आणि ते लेखन मालकाच्या तिजोरीत न राहता कोणालाही पाहता यावे. मालमत्ता खाजगी असली तरी तिचा इतिहास खाजगी राहत नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या मोटारींना वाहनकर माफ होतो. इतर देशांतही जुन्या वाहनांना निरनिराळ्या सवलती आहेत. प्रदर्शनांत त्यांना बक्षिसे मिळतात, संग्रहालये त्या उसन्या घेतात, इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची छायाचित्रे छापली जातात. समाज जिला वारसा म्हणून सवलत देतो, तिच्यात वारसा नेमका किती आहे हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

मराठीत आपण ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो. लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये या दोहोंतला फरक एका मोटारीच्या निमित्ताने मोजून पाहिला. मोटार होती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे तिने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. नंतर तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तिला अपघात झाला आणि क्लाइव्ह डन्फी हा चालक मरण पावला. त्यानंतर तिच्यावर कूपे बॉडी चढली. एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, आणि मग खरेदीदार म्हणू लागला, की ही ती मोटार नव्हेच. १९२९ साली कारखान्यातून निघालेल्या गाडीतले फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, ही गोष्ट खरीच होती. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिला ‘मूळ’ म्हणायला नकार दिला. पण ती ‘अस्सल’ ओल्ड नंबर वनच आहे असा निर्वाळा देऊन विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. नवे भाग इतक्या संथपणे आणि इतक्या दीर्घ काळात तिच्यात मिसळत गेले, की कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगेल अशी दुसरी बेंटली अस्तित्वातही नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

निकाल मला पटतो. त्याचा जो वापर होतो तो पटत नाही. ‘अखंड इतिहास’ हा शब्द हाती लागल्यावर विक्रेत्यांना जणू परवानाच मिळाला. पण ऑटन यांच्यासमोर आलेली मोटार शर्यती करता करता बदलली होती. तिच्यातला प्रत्येक बदल धावण्याच्या गरजेतून, त्या काळातल्या कारागिरांच्या हातून झाला होता. चाळीस वर्षे गोठ्यात पडून राहिलेली चासी एकाच कार्यशाळेत, एका दमात, नव्या लाकडाने आणि नव्या पत्र्याने मढवून बाहेर काढली, तर तिथे अखंडता कोणत्या अर्थाने उरते? तिथे तर ठळक खंड आहे. तो खंड लाजिरवाणा नाही, फक्त लिहून ठेवण्याजोगा आहे.

तो लिहायचा तर वाचता आला पाहिजे, आणि या मोटारी वाचता येतात. एक दार घ्या. आतले अस्तर जपून सोडवले की खाली जुन्या बारीक खिळ्यांच्या भोकांच्या रांगा दिसतात. एकच रांग असेल तर अस्तर एकदाच लागले. तीन रांगा असतील तर गादीकाम तीनदा झाले. अस्तरामागे घोड्याचे केस भरलेले आहेत की रबरी फोम, हे नाकालाही कळते. त्यामागे अ‍ॅशचा सांगाडा. सुताराने पेन्सिलीने घातलेली खूण, बॉडीचा क्रमांक आणि दार कोणत्या बाजूचे याची नोंद तिथे पुष्कळदा मिळते, कारण एकाच वेळी चार बॉड्या उभ्या असलेल्या कारखान्यात आपले दार दुसऱ्याच्या गाडीला लागू नये ही त्याची रोजची चिंता होती. तोच क्रमांक आसनाच्या चौकटीवर, फळ्यांच्या खालच्या अंगाला, बॉनेटच्या बिजागरीवर ठोकलेला सापडला, तर हे सारे भाग एकाच वेळी एकत्र होते असे म्हणता येते. हा पुरावा मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो कोणाला पटवण्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

स्क्रूही बोलतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू मोटारींत आला १९३६ च्या सुमारास, कॅडिलॅकच्या कारखान्यातून. १९२८ च्या म्हणवल्या जाणाऱ्या दारात तो दिसला तर दार खोटे ठरत नाही, पण तिथे नंतर कोणाचा तरी हात फिरला एवढे नक्की. रंगाचे तसेच. ड्यूको नावाचा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग १९२३-२४ मध्ये मोटारींवर आला. त्याआधीचे तेली रंग आणि वार्निश एकावर एक चढवून वाळवायला आठवडेच्या आठवडे लागत. बिजागरीच्या आडोशाला किंवा डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर रंगाचा एखादा तुकडा सुटलेला असला, तर त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारखा वाचता येतो, कोणता थर आधी आणि कोणता नंतर. पत्र्यातल्या धातूंचे प्रमाण क्ष-किरणांच्या साहाय्याने, पत्र्याला ओरखडाही न काढता तपासता येते. हाताने ठोकून घडवलेले डावे आणि उजवे मडगार्ड मापात कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ते आरशातल्या प्रतिबिंबासारखे जुळू लागले तर माझा संशय बळावतो.

चासीवरच्या क्रमांकाबद्दल सर्वाधिक कुजबूज असते. छाप्याचा घाव बसतो तेव्हा अक्षराच्या खाली खोलवर धातू दाबला जातो. वरचा क्रमांक कानशीने घासून काढला तरी तो दाबलेला धातू खाली तसाच राहतो, आणि आम्लाने किंवा चुंबकीय तपासणीने पुसलेला आकडा पुन्हा वर येतो. एखाद्या कारखान्याचा ३ हा आकडा वरून सपाट आहे की गोल, ७ ला शेपूट आहे की नाही, ओळ सरळ आहे की हाताने ठोकल्यामुळे किंचित वाकडी, हे त्या काळच्या इतर निःसंशय गाड्यांशी ताडून पाहिले जाते. अशा तपासणीची यंत्रे आणि जाणकार माणसे आज उपलब्ध आहेत. निष्कर्ष बाहेर येत नाहीत, कारण तपासणीचे पैसे देणाऱ्याला ते बाहेर यावेत असे नेहमीच वाटत नाही.

कागदांची गोष्ट अधिक दुःखाची आहे. रोल्स-रॉइसने प्रत्येक चासीमागे एक पत्रक ठेवले; गिऱ्हाइकाचे नाव, कोचबिल्डर, चाचणीच्या तारखा, अ‍ॅक्सलचे गुणोत्तर असा तपशील त्यात असे, आणि ती पत्रके ब्रिटनमधल्या रोल्स-रॉइसप्रेमींच्या क्लबाने आजवर सांभाळली आहेत. बेंटलीच्या दुरुस्ती-नोंदींत कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला हेही सापडते. कोचबिल्डरांचे मात्र बहुतेक सगळे गेले. कारखाने बुडाले, विकले गेले, जळाले. ब्रिटनमध्ये वाहननोंदणीचे काम परगण्यांकडून मध्यवर्ती खात्याकडे गेले, तेव्हा अनेक परगण्यांच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. पुढे अब्जावधींच्या व्यवहारांना आधार ठरू शकतील असे कागद रद्दीच्या भावाने जावेत, याला काय म्हणावे!

बेल्जियमच्या योंकहीरे या कारखान्याचे कागद आगीत गेले, आणि त्याबरोबर जगातल्या एका अत्यंत विलक्षण मोटारीच्या आरेखनकर्त्याचे नावही गेले. १९२५ ची ही रोल्स-रॉइस फँटम आधी हूपरची उघडता येणारी बॉडी घेऊन बाहेर पडली. काही काळ ती नानपाऱ्याच्या राजांकडे होती. १९३४ मध्ये योंकहीरेने हूपरची बॉडी उतरवून तिच्यावर वर्तुळाकार दारांची प्रचंड कूपे बॉडी चढवली. आज लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात लोक थबकतात ते या गोल दारांसमोर. ‘मूळ’ या शब्दाचा हट्ट धरला, तर ही बॉडी काढून हूपरची नक्कल चढवणे हाच खरा जीर्णोद्धार ठरेल, आणि असे करणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही. बुगाटीच्या रोयालचेही उदाहरण आहे. जेमतेम अर्धा डझन बनलेल्या या अवाढव्य मोटारींपैकी पहिल्या चासीवर एकापाठोपाठ एक बॉड्या आल्या. आरंभी तर तिच्यावर चक्क पॅकार्डची बॉडी होती. पुढे १९३०-३१ च्या सुमारास स्वतः एत्तोरे बुगाटींच्या हातून तिला अपघात झाला, आणि नंतर ती ‘कूपे नेपोलियन’ या रूपात वावरली. आणखी एका रोयालवर आर्माँ एस्देर या ग्राहकासाठी हेडलाइट नसलेली, उघडी रोडस्टर बॉडी बांधली होती. ती पुढे काढली गेली आणि त्याच चासीवर बिंदेर या कोचबिल्डरची बॉडी आली. फ्रान्समधल्या मुलूझच्या संग्रहालयात आज एस्देर रोडस्टर दिसते, ती संग्रहातले रोयालचे मूळ सुटे भाग वापरून नंतर उभी केलेली प्रतिकृती आहे. संग्रहालय तिला प्रतिकृती म्हणते, आणि तसे म्हटल्याने तिच्यासमोरची गर्दी कमी होत नाही.

या मुद्द्यावर माझ्याशी वाद घालणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की सगळे उघड लिहिले तर किमती कोसळतील आणि पैसा आटला की कारागिरीही मरेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण अ‍ॅश लाकूड वाकवणारे आणि लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियम ठोकणारे हात आज टिकून आहेत ते या श्रीमंत छंदामुळेच. पण ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारींचा अनुभव उलट आहे. मॉडेल जे च्या सुमारे ४८० मोटारी बनल्या, आणि त्यांच्या बॉड्या व इंजिने इतक्या वेळा अदलाबदल झाली, की ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग क्लबाने मोटारींना वर्गवार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत सुरू केली. चासी, इंजिन आणि बॉडी कारखान्यातून निघताना जशी एकत्र होती तशीच असेल तर पहिला वर्ग, नसेल तर खालचे वर्ग. बाजार कोसळला नाही. प्रत्येक मोटारीला आपापली किंमत मिळू लागली, आणि खालच्या वर्गातल्या मोटारीचा मालकही तोंड लपवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छाप्यांचे बारकावे जाहीर केले तर नकला करणाऱ्यांना आयता धडा मिळेल. हे खरे आहे. म्हणून छाप्यांची मोठी छायाचित्रे अभिलेखागारात बंदिस्त राहावीत, निष्कर्ष मात्र उघडे असावेत. मालकाचे नाव देण्याचेही कारण नाही. इतिहास मोटारीचा हवा आहे, माणसाच्या संपत्तीचा नव्हे.

हे काम करावे कोणी, यावर माझे मत अनेकांना रुचणार नाही. मोटार बनवणाऱ्या कंपन्या आता स्वतःच आपल्या जुन्या मोटारींना प्रमाणपत्रे देतात. फेरारीने त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आहे. त्यांच्याकडे मूळ आराखडे आहेत, हे त्यांचे बलस्थान. पण जी कंपनी सुटे भाग विकते, जीर्णोद्धाराचे पैसे घेते आणि वर प्रमाणपत्रही देते, तिच्या प्रमाणपत्राला मी साक्षीदाराचा मान देईन, न्यायाधीशाचा नाही. सरकारी नोंदणीचा तर दृष्टिकोनच वेगळा आहे. फेरफार केलेल्या वाहनाची ओळख टिकली की नाही हे ठरवायला ब्रिटनच्या खात्याने वर्षानुवर्षे एक गुणतक्ता वापरला: चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १, आणि पास व्हायला ८. स्वतंत्र चासीच्या मोटारीवर जी बॉडी चढते, तिला या तक्त्यात शून्य. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हे ठीक असेल. पण फिगोनी किंवा सौचिक अशा नामांकित कोचबिल्डरची बॉडी ज्या मोटारीचे सर्वस्व आहे, तिच्याबद्दल या हिशोबातून काहीच कळत नाही.

जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या तुरिनच्या सनदेत यावर शहाणपणाचे उत्तर आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंच्या जतनासाठी जे दंडक घातले, त्यांच्याच वळणावर ती बेतलेली आहे. बदललेल्या भागांवर साधी पण टिकाऊ खूण असावी, जुने काय आणि नवे काय हे वेगळे ओळखता यावे, आणि केलेल्या कामाची नोंद राहावी, असे ती सांगते. अडचण अशी, की ती ऐच्छिक आहे. मला ती बक्षिसांना आणि सवलतींना बांधलेली हवी आहे. भागागणिक नोंद नसलेली मोटार प्रदर्शनाच्या हिरवळीवर खुशाल यावी, पण परीक्षकांनी तिला गुण देऊ नयेत.

जीर्णोद्धाराच्या क्रमाबद्दलही सक्ती हवी. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढायला एक दुपार पुरते, आणि त्याच दुपारी रंगाचे सगळे थर, खडूच्या खुणा आणि पेन्सिलीचे आकडे कायमचे उडून जातात. फवारा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे चित्रण व्हावे. कुजलेले लाकूड काढले तर क्रमांक असलेला तुकडा तरी मोटारीबरोबर पेटीत राहावा.

आणि उतरवलेल्या बॉडीचे काय करायचे, हे आधी लिहून ठेवल्याशिवाय ती उतरवूच नये. कारण इथूनच सर्वांत अवघड तंटे निघतात. मूळ चासी एका मालकाकडे जाते आणि तिच्यावर नवी टूरर बॉडी चढते. काढलेली सलून बॉडी आणि जुने इंजिन दुसऱ्याच कोणाकडे जाऊन, तिसऱ्याच चासीवर बसून, तीस वर्षांनी नवी मोटार म्हणून उभे राहतात. दोघेही एकच क्रमांक सांगतात आणि दोघांच्याही हातात खरे भाग असतात. न्यायालयात गेले तर एकाला नाव मिळेल आणि दुसऱ्याची मोटार रातोरात भंगाराच्या मोलाची होईल. भागागणिक नोंद असेल तर दोन्ही मोटारींच्या पानांवर एकमेकींचा उल्लेख राहील: चासी इथे आहे, बॉडी तिथे आहे, अमुक साली वेगळ्या झाल्या. मग कधी काळी दोन्ही मालक एकाच टेबलाशी बसले, तर निदान कोणत्या भागांबद्दल बोलायचे आहे हे त्यांना माहीत असेल.